छंदाचे सात गुण

अभ्यासेतर उपक्रम म्हणजे मुलाने अभ्यासाखेरीज जे करावे असे त्याच्या आईवडिलांना वाटते ते. मुलाला स्वतःला जे करावेसे वाटते त्याचा यात समावेश होत नाही; त्याला उनाडक्या म्हणतात. दोहोंतला फरक ओळखणे सोपे आहे. उपक्रमाला फी असते, गणवेश असतो, ने-आण करायला घरातले एक मोठे माणूस लागते आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळते. उनाडकीत यांतले काहीच नसते, तरी मुले ती वर्षानुवर्षे नेमाने करतात.

उपक्रमांचे कला, क्रीडा आणि समाजसेवा असे तीन वर्ग करण्याची पद्धत आहे. हे वर्गीकरण बरोबर आहे, पण कोणाच्या उपयोगाचे नाही. घराघरांतून चालते ते वेगळे आहे: गुण मिळवून देणारे, पुढेमागे गुण मिळवून देतील असे वाटणारे, आणि समोरच्यांची मुलगी जाते म्हणून लावलेले. बुद्धिबळ बरीच वर्षे तिसऱ्या वर्गात होते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून ते दुसऱ्या वर्गात सरकले आहे.

प्रवेश देताना मुलाचे छंद विचारावेत ही कल्पना मूळची अमेरिकेतली, आणि ती छंदांच्या प्रेमापोटी निघाली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डसारख्या विद्यापीठात प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर मिळे. १९२२ च्या सुमारास तिथल्या नव्या विद्यार्थ्यांत पाचातला एक ज्यू होता. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना हे प्रमाण जास्त वाटले. त्यांनी आधी उघड मर्यादा घालण्याचा घाट घातला, त्यावर गदारोळ झाला, तेव्हा आडवाटेने जायचे ठरले. १९२६ पासून गुणांच्या जोडीला चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, पुढारपण अशा मोजता न येणाऱ्या गोष्टी पाहायला सुरुवात झाली आणि अर्जासोबत फोटो मागवण्यात आला. येल आणि प्रिन्स्टन याच वाटेने गेली. जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' या २००५ सालच्या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. थोडक्यात, परीक्षेत पहिला आलेला मुलगा नको असेल तर त्याला 'बाळ, तू खेळतोस का?' असे विचारण्याची सोय झाली. पुढे विचारणाऱ्यांचा हेतू बदलला, पुष्कळ ठिकाणी उलटाही झाला. प्रश्न मात्र तोच राहिला.

प्रश्न ठरलेला असला की उत्तर विकत मिळते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात, जन्मात कधी वॉटर पोलो न खेळलेल्या एका मुलाला घरच्या तलावात टोपी घालून उभे केले होते. फोटो खरा वाटेना, म्हणून तो संगणकावर दुरुस्त करून घेतला. हे सगळे जमवून देणारा दलाल रिक सिंगर याला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मराठी वाचकाने यावर फार हसू नये. आपल्याकडे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागांसाठी ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रे सापडली आहेत, आणि त्यांसाठी कोणाला टोपीसुद्धा घालावी लागली नव्हती.

अमेरिकेत छंदाची गोष्ट सांगावी लागते. महाराष्ट्राने गोष्टीची भानगडच ठेवली नाही. सरळ गुण दिले. २०१८ च्या दहावीच्या परीक्षेपासून शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांसाठी वाढीव गुण मिळू लागले. क्रीडागुण त्याआधीपासून होते. अकरावीचा प्रवेश दहावीच्या टक्क्यांवर होतो. मुंबईत २००९ पासून आणि २०२५ पासून सबंध राज्यात तो केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन चालतो, म्हणजे यादी लावणाऱ्या संगणकापुढे मुलगा प्रत्यक्ष कधीच उभा राहत नाही. संगणकाला भूप आणि भूमिती यांत फरक करता येत नाही. दोन्हींचे गुण बेरजेत पडतात, आणि कट-ऑफ दशांश चिन्हापुढे दोन घरे जात असल्याने त्या बेरजेचे मोल फार मोठे असते.

या योजनेतला सर्वांत लोकप्रिय भाग चित्रकलेचा. इंटरमिजिएट परीक्षेच्या ए ग्रेडला पहिल्या वर्षी १५ गुण होते, बीला १०, सीला ५. पहिल्याच वर्षी टक्के इतके फुगले की पुढे हे दर ७, ५ आणि ३ असे उतरवावे लागले. एका वर्षात निम्म्याच्या आसपास उतरलेली ही महाराष्ट्रातली बहुधा एकमेव वस्तू असावी.

इंटरमिजिएट आणि तिच्या आधीची एलिमेंटरी या कला संचालनालयाच्या परीक्षा. त्यांचे सगळेच पेपर महत्त्वाचे आहेत. पण स्मरणचित्राविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. स्मरणचित्र म्हणजे समोर काहीही नसताना, दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचे चित्र. विषय साधे असतात: भाजीबाजार, बसथांबा, पाणवठा, शेतातली कामे, गणपती विसर्जन. नावाप्रमाणे मुलाने पाहिलेले आठवून काढावे अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याने क्लासमध्ये काढलेले आठवावे लागते, आणि त्या दृष्टीने पाहता या प्रकाराचे नाव अगदी यथार्थ आहे.

महाराष्ट्राच्या स्मरणचित्रांतून एक स्वतंत्र समाज वस्तीला आहे. समाजशास्त्रज्ञांचे तिकडे अजून लक्ष गेलेले नाही. या समाजात लोक सहसा आपल्याकडे पाठ करून उभे असतात, कारण नाक काढणे कठीण आहे. ज्यांना नाइलाजाने वळावे लागते ते बाजूने दिसतात, आणि सगळ्यांची बाजू एकच असते. हात ही वस्तू या समाजात अप्रतिष्ठित आहे. पुरुष ते खिशात घालतात किंवा मागे बांधतात; बायका ते कळशीमागे, टोपलीखाली, गेला बाजार मुलाच्या पाठीमागे लपवतात. पाणवठा हा विषय आला की परीक्षागृहात आनंदाची लहर उठते ती एवढ्याचसाठी, की तिथे प्रत्येक बाईकडे कळशी असते आणि घोट्यापासून खाली पाणी. पाऊल काढावे लागत नाही. विसर्जनाच्या चित्रात कंबरेपर्यंत सुटका होते. बसथांबा मात्र दुष्ट विषय. तिथे माणसे कोरड्या जमिनीवर रिकाम्या हातांनी उभी राहतात. अनुभवी विद्यार्थी अशा वेळी पाऊस पाडतो. छत्रीखाली डोके जाते, रेनकोटखाली धड जाते, उरलेले डबक्यात जाते, आणि जे तरीही उरते त्यापुढे बस येऊन थांबते.

या समाजाच्या डाव्या कोपऱ्यात एक झाड असते. त्याची एक फांदी चित्राच्या वरच्या कडेवरून उजवीकडे जाते. या फांदीचे नेमके प्रयोजन कोणी विचारत नाही, पण तिच्याशिवाय ग्रेड मिळाल्याचे ऐकिवात नाही. झाडाखाली एक कुत्रा असतो, निदान चित्र काढणाऱ्याच्या मते तो कुत्रा असतो. प्रस्तुत लेखकाचा कुत्रा त्याच्या वेळच्या चित्रकलेच्या शिक्षकांना 'बाजारात बकरी बरी आणलीस' म्हणण्याइतका आवडला होता. त्याने ही प्रशंसा स्वीकारली आणि शिंगे काढली. परीक्षेत त्याला बी ग्रेड मिळाली. ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेले आहे. शेजारी त्याच्या पदवीचे प्रमाणपत्र लावायला जागा होती. पण तिथे भिंतीला ओल येते असे त्याचे म्हणणे आहे.

संगीताची व्यवस्था वेगळी आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गाणे चारचौघांच्या घरांत मानाने यावे ही त्यांची तळमळ होती. गाणे आले, आणि घरांनी त्याला दहावीपर्यंत राहण्याची परवानगी दिली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी परीक्षांची चढण आहे आणि गुण मिळायला तिच्यावर ठरावीक उंची गाठावी लागते. त्यामुळे हल्ली मुलाचे गाणे दहावीपासून उलट मोजून सुरू करतात. गळ्याची तयारी, आवड, गुरू या बाबी मग त्या तारखेनुसार बसवल्या जातात. लोककलेत सादरीकरणांचा हिशेब द्यावा लागतो. पोवाडा अंगात किती भिनला आहे हे तपासण्यापेक्षा तो किती वेळा म्हटला हे तपासणे सोपे, हे मान्य करायला हवे. खेळांत स्पर्धेच्या पातळीनुसार गुण वाढत जातात आणि २५ वर थांबतात. त्यामुळे ज्या खेळात राज्यात स्पर्धकच थोडे आहेत असा खेळ शोधणे हाच पालकांमध्ये एक खेळ झाला आहे. त्याच्या स्पर्धा वर्षभर चालतात.

या सगळ्याची बेरीज कुठे जाते ते निकालात दिसते. दहावीला सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांचे गुण धरतात, त्यांत हे वाढीव गुण पडतात, आणि शंभर टक्के ही एके काळी केवळ गणितात ऐकू येणारी संख्या माणसांना मिळू लागते. २०२५ साली राज्यात २११ मुलांना १०० टक्के मिळाले. त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली होती. लातूरची मुले मुळात अभ्यासात कोणाला ऐकत नाहीत. त्यात ती नाचू-गाऊ लागली तर बाकीच्या विभागांनी करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे.

प्रस्तुत लेखकाने या पद्धतीचा अभ्यास केवळ ज्ञानासाठी केला असे म्हणता येणार नाही. ही योजना त्याच्या दहावीनंतर बऱ्याच वर्षांनी आली. ती आल्याचे वाचल्यावर त्याने जुनी गुणपत्रिका काढली आणि तीत इंटरमिजिएटचे गुण मिळवून पाहिले; अर्थात पहिल्या वर्षीच्या दराने. जिल्हा पातळीवरच्या कबड्डी संघात तो राखीव खेळाडू होता. राखीव खेळाडूही मैदानाच्या कडेला उभा राहून थकतोच, असा युक्तिवाद करून त्याने तेही गुण धरले. सर्वोत्तम पाच विषयांचा नियम लावल्यावर संस्कृत गळाले आणि आकडा एकदम देखणा झाला. त्या आकड्यावर त्याला शहरातल्या ज्या कॉलेजात प्रवेश नाकारला गेला होता तिथे तो आरामात मिळत होता. ही बातमी त्याने जेवताना घरात सांगितली. मुलाने विचारले, "बाबा, पण त्या वर्षी बाकीच्यांनी पण चित्रं काढली असतील ना? कट-ऑफ वाढला असता." हा मुलगा कोणताही अभ्यासेतर उपक्रम करीत नाही. तरीही त्याला असे विचार सुचतात.

इथे एका गोष्टीविषयी जरा सरळ लिहिणे आवश्यक आहे. कलेला गुण देणाऱ्या याच राज्यात शाळेतले कलाशिक्षकाचे पद, तो निवृत्त झाला की पुष्कळदा भरले जात नाही. कित्येक ठिकाणी हे काम तासिकेच्या मानधनावर चालते. म्हणजे चित्रकलेचा तास आठवड्यातून एखादा, तोही सहामाहीच्या आधी गणिताने उसना घेतलेला, आणि चित्रकलेचे गुण मात्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर. मधली पोकळी भरून काढतो तो बाहेरचा क्लास. पोस्टर कलर, ब्रश आणि ड्रॉइंग बोर्ड घेण्याची ऐपत ज्याची आहे त्याची. सर्व मुलांना आपापली आवड दाखवता यावी म्हणून काढलेली योजना ज्याच्याकडे फी आहे त्याच्या आवडीला गुण देते. लॉवेल साहेबांना यासाठी चारित्र्य वगैरे शब्द शोधावे लागले होते. आपल्याकडे कोणाचा तसा हेतूही नव्हता आणि तरी तेच झाले, हे जास्त वाईट. ज्या शिक्षकांनी बकरीचे कौतुक केले त्यांच्या तासाला वर्गातली सगळी मुले चित्र काढीत. ज्यांच्याकडे रंग नसत त्यांना ते कपाटातून देत, आणि तास संपल्यावर ब्रश स्वतः धुऊन ठेवीत. त्या तासाला कसलेच गुण नव्हते.

परदेशी अर्जाकडे वळू. अमेरिकेतल्या बहुसंख्य नामांकित विद्यापीठांसाठी 'कॉमन अॅप' नावाचा एकच अर्ज भरता येतो. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून तो सुरू केला. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने आहेत. प्रत्येक रकान्यात वर्णनाला १५० अक्षरचिन्हे; त्याहून जास्त मावत नाही. शिवाय दर आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे हेही भरायचे असते. न्यू जर्सीत वाढलेल्या भाचीचा हा अर्ज भरायचा आहे असे बहिणीने फोनवर सांगितले तेव्हा प्रस्तुत लेखकाने मदतीची तयारी दाखवली. ती कोणी मागितली नव्हती. पण १५० चिन्हांत माणसाचे मोठेपण बसवणे हे लेखकाचे काम आहे, असे त्याचे मत पडले.

भाचीने तीनच रकाने भरले होते. एकात तिकडच्या ढोल-ताशा पथकाचा उल्लेख होता: 'मी ढोल वाजवते.' प्रस्तुत लेखकाने तो सुधारून त्यात परंपरा, नेतृत्व, सांस्कृतिक सेतू आणि शंभर वादकांचा समन्वय बसवला. भाचीने कळवले की पथकात तीसच जण आहेत आणि समन्वय दुसऱ्या एका काकांकडे आहे, ते फार ओरडतात. दुसऱ्या रकान्यात रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना अक्षरे गिरवायला मदत करण्याचे काम होते. त्याचे 'अभ्यासक्रम-रचना' करून झाल्यावर उरलेले सात रकाने कशाने भरावेत याची चौकशी सुरू झाली. 'तू रोज काय काय करतेस?' या प्रश्नाला तिने जी उत्तरे दिली त्यांतून एक वगळता काही निघाले नाही.

ते एक असे. इथे आजीची सकाळ असते तेव्हा तिकडे भाचीची रात्र असते. त्या वेळी दोघी फोनवरून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतात. आजी खूण वाचते: "सासूची सासू, चार अक्षरी." भाची तिला माहीत असलेले सगळे मराठी शब्द चार अक्षरांत बसतात का ते पाहते. मग आजी 'आ' सांगते, नंतर 'जे' सांगते, आणि उरलेला शब्द भाचीने ओळखला असे धरून दोघी पुढे जातात. हे किती वर्षे चालू आहे ते दोघींनाही सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाला हे ऐकून राहवले नाही. 'आंतरपिढीय भाषा-संवर्धन प्रकल्प, संस्थापक' असे त्याने ताबडतोब लिहून पाठवले. चिन्हे उरली म्हणून 'दोन खंडांत कार्यरत' हेही जोडले.

"नको, मामा," भाची म्हणाली.

"अगं, हाच सगळ्यांत चांगला आहे. ढोल काय, सगळेच वाजवतात."

"याचे तास लिहावे लागतील."

प्रस्तुत लेखकाने तास अंदाजे सांगितले. तिने फोन आजीकडे द्यायला सांगितले.

अर्ज तीनच रकान्यांनिशी गेला. प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने ही साहित्याची हानी होती.

महाराष्ट्रात अभ्यासेतर उपक्रमांचा शेवट दहावीच्या गुणपत्रिकेने होतो. अकरावीला मूल एमएचटी-सीईटी, जेईई किंवा नीटच्या तयारीला लागते, आणि या परीक्षांत मध्यमा पूर्ण झाल्याचे कोणी विचारत नाही. वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे गेला, गुण पडले, की तबला गवसणीत जातो, घुंगरू पिशवीत आणि पेटी माळ्यावर. ब्रशांचे केस वाळून दगड होतात. मुलाला पुढे कोणी 'गातोस का?' असे विचारले तर तो 'परीक्षा दिल्या आहेत' असे उत्तर देतो.

अलीकडे यात थोडा बदल दिसतो. मद्रास आयआयटीने २०२४ मध्ये खेळाडूंसाठी आणि २०२५ मध्ये कलावंतांसाठी काही जादा जागा काढल्या. त्यांसाठी जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीत मात्र आधी यावेच लागते. म्हणजे मुलाने देशातल्या सर्वांत अवघड परीक्षेची तयारी करता करता रियाज चालू ठेवावा एवढीच अट आहे. ही बातमी आल्यावर अनेक घरांत माळ्यावर शिडी लागली. प्रस्तुत लेखकाच्या घरीही पेटी खाली निघाली. भाता उंदरांनी खाल्ला होता. तो बदलून घेतला, तीन पट्ट्या अडकत होत्या त्या सोडवून घेतल्या. मुलाने ती पाहिली आणि आपल्याला क्लासला उशीर होतोय असे सांगून तो गेला. दुरुस्तीचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून सध्या संध्याकाळी प्रस्तुत लेखकच ती वाजवतो. या वयात त्याला गुण मिळण्याची तरतूद नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते ती कधी होऊही नये.